टर्झागी आणि माझी केटी

सॉइल मेकॅनिक्समध्ये केटी लागली तेव्हा टर्झागी हे नाव मला शत्रूसारखं वाटायचं. सुट्टीत त्याचं चरित्र वाचलं आणि मत बदललं.

कार्ल टर्झागी १८८३ मध्ये प्रागला जन्मला. गंमत म्हणजे तो शिकला मेकॅनिकल! ग्राझच्या कॉलेजातून तर त्याला काढूनच टाकणार होते. पुढे साइटवर त्याला दिसलं, की काँक्रीटचे हिशेब पक्के, पण पायाखालच्या मातीचं सगळं अंदाजपंचे दाहोदरसे. १९१६ मध्ये तो इस्तंबूलला शिकवायला गेला. तिथे रॉबर्ट कॉलेजात सिगारच्या खोक्यांची उपकरणं करून त्याने चिकणमाती दाबून पाहिली. ओल्या मातीवर वजन ठेवलं की आधी ते कणांमधलं पाणी पेलतं. पाणी हळूहळू निघून गेलं की भार कणांवर येतो, माती खचते आणि मजबूत होते. १९२५ मध्ये त्याने हे पुस्तकात मांडलं.

म्हणूनच मऊ चिकणमातीवर बांधकामाआधी भरावाचं ओझं ठेवतात, आत उभे निचरे घालतात. पाण्याची वाट निम्मी झाली की वेळ एक चतुर्थांशच लागतो. खचायची ती माती इमारतीआधीच खचून घेते.

१९६३ मध्ये टर्झागी गेला. कॅनडात त्याच्या नावाचं धरण आहे.

माझी केटी सुटली. कन्सॉलिडेशन टेस्टमध्ये प्रत्येक वजनाला चोवीस तास थांबावं लागतं, पण आता मी कुरकुरत नाही.