भास्करबुवा बखले : तीन गुरूंचे शिष्य

आवडता संगीतकार कोण असं विचारलं, की आपल्या पिंपरी पेंढारच्या वर्गातही वाद सुरू होतो. पहिला नंबर कोणाचा?

भास्करबुवांचा जन्म १८६९ चा. तेव्हा घराण्याघराण्यांत श्रेष्ठ कोण, यावर वाद चालत. बुवा मात्र ग्वाल्हेरचे फैज महंमद खाँ, आग्र्याचे नथ्थन खाँ आणि जयपूरचे अल्लादिया खाँ अशा तिघांकडे शिकले. १९११ मध्ये त्यांनी पुण्यात भारत गायन समाज सुरू केला. १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकाच्या चाली त्यांच्याच. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे त्यांचे शिष्य. १९२२ मध्ये ते गेले.

धावण्याची शर्यत घड्याळ ठरवतं. गाण्यात सूर-ताल चुकला तर सांगता येतं, पण पुढची आवड ज्याची त्याची. तुमचा आवडता जरूर निवडा, फक्त दुसऱ्याच्या आवडत्यालाही एकदा मन लावून ऐका.