सलोख्यासाठी झटलेला मेंढपाळ : संत लॉरेन्स ओटूल

14 नोव्हेंबर हा आयर्लंडमधील डब्लिनचे आर्चबिशप संत लॉरेन्स ओटूल यांच्या सणाचा दिवस. भांडणाच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसे असली तर काय करावे, हा आपल्या घराघरांतला प्रश्न. या संताला तो आयुष्यभर सोडवावा लागला.

1128 च्या सुमारास एका राजघराण्यात त्यांचा जन्म झाला. वडिलांनी 10 व्या वर्षी त्यांना लेन्स्टरचा राजा डर्मट याच्याकडे ओलीस ठेवले. तिथे त्यांचे फार हाल झाले. सुटकेनंतर ते ग्लेंडलॉच्या मठात वाढले, 25 व्या वर्षी मठाधिपती झाले आणि दुष्काळात त्यांनी मठाचे भांडार गरिबांसाठी खुले केले. 1162 मध्ये ते डब्लिनचे आर्चबिशप झाले.

पुढे राज्य गमावलेल्या याच डर्मटने इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्या सरदारांना मदतीला बोलावले. डर्मटची राणी लॉरेन्स यांची बहीण होती. तिची मुलगी परकीय सेनापती स्ट्राँगबो याला देण्यात आली. 1170 मध्ये या नातलगांनीच डब्लिनला वेढा घातला. लॉरेन्स तहाची बोलणी करीत असतानाच सैनिक शहरात घुसले व कत्तल झाली. लॉरेन्स आपल्या लोकांतच राहिले. त्यांनी मृतांना मूठमाती दिली.

1175 मध्ये आयरिश राजा रोरी ओकॉनर याच्या वतीने हेन्रीशी तह करण्यास ते इंग्लंडला गेले. कँटरबरीला मिस्सासाठी वेदीकडे जात असताना एका वेडसर माणसाने त्यांच्या डोक्यावर प्रहार केला. राजाने त्याला देहदंड फर्मावला, तेव्हा लॉरेन्स यांनीच त्याच्या प्राणांची भीक मागितली.

तह टिकला नाही. 1180 मध्ये ते पुन्हा रोरीची बाजू मांडण्यास गेले असता हेन्रीने त्यांना मायदेशी परतण्यास मनाई केली. राजाची मनधरणी करण्यासाठी ते त्याच्यामागे नॉर्मंडीला गेले आणि तिथल्या एका मठात तापाने वारले. मृत्युपत्राची आठवण केली असता आपल्याजवळ एक पैसाही नसल्याचे त्यांनी सांगितले. 1225 मध्ये पोप तिसरे होनोरियस यांनी त्यांना संत घोषित केले.

जगाच्या हिशेबाने लॉरेन्स अपयशी ठरले. परंतु सलोख्याचे काम यशाची खात्री मिळाल्यावर सुरू करायचे नसते. नातलगांचा अन्याय त्यांनी अन्यायच मानला, तरी बोलणी तोडली नाहीत. जमिनीच्या वा मानापमानाच्या वादातून ज्या भावंडांशी आपण बोलत नाही, त्यांच्या दाराकडे या आठवड्यात पहिले पाऊल आपण टाकू या. दार उघडणे प्रभूच्या हाती आहे.