पंडिता रमाबाई

आपल्याच जिल्ह्यातील केडगावच्या पंडिता रमाबाई १८५८ साली जन्मल्या. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ. लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच पतीही. १८८३ साली त्यांनी इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मुलींना ख्रिस्ती करतात या आरोपावरून १८९३ साली पुण्यात गहजब झाला, शारदा सदनातल्या पुष्कळ मुली पालकांनी काढून नेल्या. बाई डगमगल्या नाहीत.

मुक्तिसदन पुढे मनोरमा चालवील, ही मोठी आशा. ती एकुलती लेकही १९२१ साली आईआधी गेली. अशा वेळी देवाचे पुस्तक हाती धरवते कसे, बायांनो? रमाबाईंनी धरले. साध्या बायकांना कळावे म्हणून चालवलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले.