सरावातून घडलेला फिरकी गोलंदाज

पुण्याच्या जिमखान्यावर महिना ४ रुपये पगारात खेळपट्टीवर रूळ फिरवणाऱ्या बाळू पालवणकर यांनी गोलंदाजीचे धडे नेटमध्येच गिरवले. कॅप्टन ग्रेग यांच्यासारख्या इंग्रज फलंदाजांना ते तासन्‌तास चेंडू टाकीत. त्यांच्या हाती बॅट मात्र कधी आली नाही. या अथक सरावातूनच त्यांची डावखुरी फिरकी सहज, लयबद्ध आणि अचूक झाली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी टिपले. तरीही चर्मकार कुटुंबात जन्मल्यामुळे पुण्यातील सामन्यांत त्यांना चहा तंबूबाहेर, वेगळ्या पात्रात मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपदही त्यांना अखेरपर्यंत लाभले नाही. १९२३ मध्ये तो मान धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला. ४ जुलै १९५५ रोजी बाळू यांचे मुंबईत निधन झाले.