जवसासारख्या कोषाचा माग

इंग्लंडमधल्या हर्टफर्ड गावाजवळ १८८६ च्या उन्हाळ्यात बार्लीचे उभे पीक कापणीआधीच लोळू लागले. काडे खालच्या पेऱ्यापाशी वाकली होती आणि कांडीला वेढलेल्या पानाच्या आत जवसाच्या दाण्यासारखे तपकिरी कोष चिकटलेले होते. ही काडे तपासणीसाठी एलिनॉर ऑर्मेरॉड यांच्याकडे पोहोचली. ५८ वर्षांच्या या बाईंकडे कोणतीही पदवी नव्हती, त्या कधी शाळेतही गेल्या नव्हत्या. त्यांनी कीड ओळखली आणि ओळख पटताच शेतकरी हादरले. ती होती अमेरिकेत गव्हाची धूळधाण करणारी हेशियन माशी.

एलिनॉर यांचा जन्म ११ मे १८२८ रोजी ग्लॉस्टरशायरमधील सेडबरी पार्क येथे झाला. इतिहासकार जॉर्ज ऑर्मेरॉड यांच्या दहा अपत्यांतील त्या सर्वांत धाकट्या. शिक्षण घरीच झाले. लहानपणी पेल्यातल्या पाण्यात सोडलेले किडे त्या न्याहाळत बसल्या होत्या. त्यातल्या जखमी किड्याला इतरांनी खाऊन टाकले. हे त्यांनी मोठ्यांना सांगितले, पण कोणाचा विश्वास बसला नाही. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर ठाम राहण्याची सवय मात्र त्यांना कायमची जडली. १८५२ मध्ये त्यांनी भुंगेऱ्यांवरचे एक पुस्तक विकत घेतले आणि किडे स्वतः चिरून पाहत अभ्यास सुरू केला.

१८६८ मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने शेतीला उपकारक आणि अपायकारक कीटकांचा संग्रह करायला घेतला. एलिनॉर यांनी वडिलांच्या शेतांवरच्या मजुरांना कामाला लावून नमुने गोळा केले आणि पाठवले. त्याबद्दल त्यांना पदकही मिळाले. मात्र मोकळेपणाने काम करता आले ते १८७३ मध्ये वडील वारल्यानंतर, वयाच्या पंचेचाळिशीत. १८७७ मध्ये त्यांनी एक छोटी पुस्तिका काढून शेतकऱ्यांना आवाहन केले : कोणती कीड कधी, कुठे आणि कशी दिसली ते कळवा. पत्रांचा ओघ सुरू झाला. त्यातून निघालेले वार्षिक अहवाल त्या स्वखर्चाने छापत आणि त्यांतली अनेक चित्रे बहीण जॉर्जियाना काढत असे. १८८२ पासून दहा वर्षे त्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीच्या सल्लागार कीटकतज्ज्ञ होत्या, तेही बिनपगारी.

हेशियन माशीची दहशत जुनी होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांनी जर्मनीच्या हेस प्रांतातून भाडोत्री सैनिक आणले होते. त्यांच्या अंथरुणाच्या पेंढ्यातून ही माशी आली, असा तिकडे समज होता. त्यावरूनच हे नाव पडले. ती आपल्याकडे येईल या भीतीने ब्रिटनने १७८८ मध्ये अमेरिकी गव्हाची आयातच थांबवली. पण ही कीड दाण्यात राहतच नाही. तिचा प्रवास होतो तो काडातून आणि पेंढ्यातून. किडीच्या सवयी माहीत नसल्या की उपाय भलतीकडेच होतात, त्याचे हे उदाहरण.

म्हणूनच एलिनॉर यांचा भर सवयींवर होता. ही माशी चिलटासारखी असते, जेमतेम तीन मिलिमीटरची. तिचे आयुष्य काही दिवसांचे. तेवढ्यात मादी गव्हाच्या किंवा बार्लीच्या पानावर लालसर अंडी घालते. अळी पानावरून खाली सरकते, पानाच्या वेढ्यात शिरते आणि कांडीला चिकटून रस शोषते. तिच्या लाळेमुळे कोवळे रोप खुरटते, तर मोठ्या रोपाची कांडी कमकुवत होऊन वाकते. मग अळीभोवती जवसासारखा कोष तयार होतो. तो कापणीनंतर धसकटात, काडात आणि मळणीच्या केरकचऱ्यात तसाच पडून राहतो.

याच कोषावर घाव घाला, असे एलिनॉर यांनी सांगितले. धसकटे जाळा किंवा खोल नांगरून गाडा आणि मळणीयंत्राखाली पडणारा चाळ नष्ट करा, असा साधा सल्ला त्यांनी दिला. माशीवर त्यांनी स्वतंत्र पुस्तिकाही लिहिली. पुढे ब्रिटनमध्ये ही माशी टिकली, पण अमेरिकेसारखा कहर तिने केला नाही.

त्यांचे सगळेच सल्ले काळाच्या कसोटीला उतरले असे नाही. फळबागांतील अळ्यांसाठी त्यांनी पॅरिस ग्रीन या फवारणीचा हिरिरीने पुरस्कार केला. हा तांबे आणि आर्सेनिक असलेला जहाल विषारी पदार्थ. आर्सेनिक मातीत वर्षानुवर्षे साठून राहते आणि शरीरात गेल्यास कर्करोगाचा धोका वाढवते, हे आता माहीत झाले आहे. चिमण्या मारण्याचा त्यांचा आग्रह तर त्या काळातही वादग्रस्त ठरला होता. पण गुरांच्या कातडीखाली वाढणाऱ्या अळ्यांविरुद्धची त्यांची मोहीम आणि हेशियन माशीवरचे काम निरीक्षणाच्या पायावर उभे होते.

१९०० मध्ये एडिनबरा विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. हा मान मिळवणाऱ्या तिथल्या त्या पहिल्या महिला. १९ जुलै १९०१ रोजी सेंट आल्बन्स येथे त्यांचे निधन झाले.

हेशियन माशीच्या कुळात जगभरात सहा हजारांहून अधिक जाती आहेत. त्यातल्या बहुतेक वनस्पतींवर गाठी आणतात. पूर्व विदर्भात धानाचा पोंगा चंदेरी नळीसारखा करून लोंबी येऊच न देणारी गादमाशी याच कुळातली. तिची अळीही पोंग्याच्या आत दडून बसते, त्यामुळे वरवरच्या फवाऱ्याला सहसा दाद देत नाही. कीड कुठे अंडी घालते, कुठे दडते आणि हंगाम संपल्यावर कुठे राहते, हे प्रश्न एलिनॉर शेतकऱ्यांना विचारत असत. धानाच्या बांधावर ते आजही आधी विचारावे लागतात.