एका सॉफ्टवेअरला 19 वर्षं मरू न देणारा गणिताचा प्रोफेसर

तुमच्या घरात कपाटावर कुणाच्या तरी लग्नाची व्हीएचएस कॅसेट नक्की पडलेली असेल. कॅसेट शाबूत आहे, आत वऱ्हाड नाचतंय, पण ती लावायला व्हीसीआर कुठाय?

सॉफ्टवेअरचं पण असंच होतं. कोड कुणी डिलीट करत नाही. ज्या मशीनवर तो चालायचा ते मशीनच बाजारातून जातं आणि कोड असून नसल्यासारखा होतो.

1980 च्या दशकात गणिताच्या एका मोठ्या प्रोग्रॅमवर हीच वेळ आली होती. तो वाचवला टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन कॅम्पसमधल्या गणिताच्या प्रोफेसरनं. नाव विल्यम शेल्टर, ओळखीचे लोक म्हणायचे बिल शेल्टर.

आधी तो प्रोग्रॅम काय होता ते बघू. 1968 साली एमआयटीत कार्ल एंगेलमन, विल्यम मार्टिन आणि जोएल मोझेस यांनी तो सुरू केला. नावाचा उच्चार आजच्या मॅक्सिमासारखाच, स्पेलिंग तेवढं वेगळं. घोळ नको म्हणून आपण जुन्याला मॅक्सायमा म्हणू. याची खासियत म्हणजे तो नुसते आकडे काढत नव्हता. एक्सच्या वर्गाचं इंटिग्रेशन विचारलं की उत्तर यायचं एक्सचा घन भागिले तीन, म्हणजे आपण वहीत लिहितो तसं. बारावीच्या पोरांना हे आज मोबाईलवर मिळतं, पण तेव्हा ही जादू होती.

अडचण अशी की मॅक्सायमा मॅकलिस्प नावाच्या भाषेत लिहिलेला आणि पीडीपी-10 या मशीनवर वाढलेला. त्या मशीनच्या पुढच्या पिढीचं काम डेक कंपनीनं 1983 मध्ये बंद करून टाकलं. त्याआधी, 1982 मध्ये एमआयटीनं प्रोग्रॅमचे व्यावसायिक हक्क सिम्बॉलिक्स कंपनीकडे जाऊ दिले होते आणि एक प्रत अमेरिकेच्या ऊर्जा खात्याला दिली होती. कंपनीची प्रत विकली जाऊ लागली. सरकारी प्रतीला मात्र कुणीतरी वाली हवा होता, आणि तिथं शेल्टर आले.

1947 चा जन्म, 1972 साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून पीएचडी. त्यांचा विषय होता नॉनकम्युटेटिव्ह रिंग्ज. सोप्पं सांगायचं तर दोन गुणिले तीन आणि तीन गुणिले दोन सारखंच येतं, पण या गणितात क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं. मायकेल आर्टिन यांच्यासोबत 1987 मध्ये त्यांनी छापलेल्या कामातून 'आर्टिन-शेल्टर रेग्युलर अल्जेब्रा' ही कल्पना आली, गणितवाले आजही तिच्यावर पेपर लिहितात. असले हिशेब हातानं करायचे तर कागदाचे गठ्ठे संपतील. त्यामुळे मॅक्सायमा जिवंत ठेवणं ही त्यांची नुसती हौस नव्हती, असं आपल्याला वाटतं. अशा गणितासाठी त्यांनी त्यात अफाईन नावाचा भाग स्वतः लिहिला.

आता खरा किस्सा. तेव्हाचं युनिक्स म्हणजे एकच सिस्टीम नव्हती. सनचं वेगळं, आयबीएमचं वेगळं, एचपीचं वेगळं, डेकचं वेगळं. नाव सगळ्यांचं युनिक्स, पण एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालेल याची गॅरंटी नाही. प्रत्येक ठिकाणी सोर्स कोड घेऊन तो तिथल्या कंपायलरमधून काढायचा, म्हणजे 'बिल्ड' करायचा.

शेल्टर यांनी आधी मॅक्सायमा कॉमन लिस्प या नव्या भाषेत आणला. पण मग त्या लिस्पचं काय? क्योटो विद्यापीठात युआसा आणि हागिया यांनी 1984 मध्ये क्योटो कॉमन लिस्प बनवलं होतं. ते लिस्पचा कोड आधी सी भाषेत बदलायचं, मग त्या मशीनच्या सी कंपायलरकडे सोपवायचं. आयडिया जबरदस्त, कारण सी कंपायलर प्रत्येक युनिक्सवर असायचाच. पण कंपायलरनं दिलेली फाईल चालू प्रोग्रॅममध्ये आणून बसवावी लागायची आणि शेवटी सगळ्या मेमरीचा जणू फोटो काढून त्यातून नवा प्रोग्रॅम सेव्ह करावा लागायचा. या फाईलचा साचा प्रत्येक युनिक्सचा वेगळा. म्हणजे नवीन मशीन आलं की हा नाजूक भाग पुन्हा लिहा.

हे किचकट काम शेल्टर करत राहिले. त्यांनी सुधारलेलं लिस्प आधी ऑस्टिन क्योटो कॉमन लिस्प म्हणून ओळखलं गेलं, त्याला आयबीएमचं कंत्राटही होतं. 1994 मध्ये तेच जीएनयू कॉमन लिस्प, म्हणजे जीसीएल झालं, आणि सगळ्यांसाठी खुलं झालं. अ‍ॅक्झिअम हे गणिताचं दुसरं मोठं सॉफ्टवेअर त्यावरच उभं राहिलं.

मध्येच त्यांनी आणखी एक काम केलं. जीसीसी हा मोफत कंपायलर इंटेलच्या 386 चिपसाठी तयार करण्याचं बहुतेक काम त्यांचं. 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं 386 वर लिनक्स लिहिलं ते याच जीसीसीच्या जोरावर. एखाद्याला मिरवायला एवढं एकच पुरलं असतं.

पण मॅक्सायमाचा गुंता अजून सुटला नव्हता. कोड चालत होता, तो खुलेआम वाटायची परवानगी नव्हती. सरकारी कागद हलायला काय लागतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. 1998 मध्ये ऊर्जा खात्यानं शेल्टर यांना सोर्स कोड जीपीएल लायसन्सखाली खुला करायची परवानगी दिली. कोड सांभाळायला घेऊन तेव्हा 16 वर्षं झाली होती. हा खुला झालेला प्रोग्रॅम म्हणजे मॅक्सिमा.

पुढच्या तीनच वर्षांत, 30 जुलै 2001 ला शेल्टर गेले. वय 54 च्या आतबाहेर.

तो 1998 चा कागद आला नसता तर त्यांच्यामागे हा कोड कायदेशीरपणे पुढं नेणं अवघड होतं. तो होता म्हणून वापरणारे आणि प्रोग्रॅमर एकत्र आले आणि त्यांनी काम हातात घेतलं. जीसीएललाही नवे सांभाळणारे मिळाले. 2005 मध्ये सुरू झालेलं सेजमॅथ आजही इंटिग्रेशनसारखी बरीच कामं आत मॅक्सिमाकडून करून घेतं. अफाईनवरचं प्रकरण मॅक्सिमाच्या मॅन्युअलमध्ये आहे.

मॅक्सिमा फुकट आहे, लॅपटॉपवर टाकून बघा. टर्मिनलमध्ये चालू केलं की पहिला प्रश्न विचारायच्या आधी व्हर्जन नंबर येतो, कुठल्या लिस्पवर चाललंय ते येतं, लायसन्सचं नाव येतं आणि त्याखाली एक ओळ येते, हे सॉफ्टवेअर विल्यम शेल्टर यांच्या स्मृतीला अर्पण केल्याची.