गाठीतून गुण शोधणारा गुरांचा डॉक्टर

लस टोचलेल्या जागी गाठ आली, की पुढच्या खेपेला आपल्याकडे दावणीची जनावरं रानात हाकलली जातात. दवाखान्याची माणसं आणि ग्रामसेवक घरोघर फिरून थकतात. पण अशाच सुजेकडे एका पशुवैद्यकानं नीट बघितलं आणि लशीचं शास्त्र पुढं गेलं. त्यांचं नाव गॅस्तों रामों.

रामोंचा जन्म १८८६ चा, फ्रान्समधल्या बेलशोम या खेड्यातला. आल्फोरच्या पशुवैद्यक शाळेत शिकून १९११ च्या सुमारास ते पाश्चर संस्थेत लागले. काम घोड्यांचं. घटसर्पाचं विष घोड्याला थोडं थोडं टोचायचं आणि त्याच्या रक्तातून उतारा काढायचा. (हा घटसर्प लहान मुलांचा. गुरांचा वेगळा, नाव तेवढं एक.) १९२३ मध्ये त्यांनी फॉर्मॅलिन आणि ऊब देऊन त्या विषाची नांगी मोडली. विषाची बाधा गेली, पण शरीराला ओळख पटण्याइतकं रूप राहिलं. धनुर्वाताची लस आजही याच तऱ्हेनं होते.

पुढची गोष्ट तबेल्यातली. ज्या घोड्यांना सुईच्या जागी गळू धरे, त्यांच्या रक्तात उतारा जास्त निघे. दुसरा कोणी असता तर सुई उकळत नाही म्हणून गड्यावर खेकसला असता. रामोंनी मुद्दाम सूज आणून बघितली. १९२५ मध्ये टोचणीत त्यांनी काय काय मिसळलं? टॅपिओका, म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्याचं पीठ, आणि चक्क पावाचा चुरा! उतारा वाढला. सूज आली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडं धावतात आणि लशीची ओळख पक्की करून घेतात. दुसऱ्याच वर्षी इंग्लंडात ग्लेनी यांनी तुरटीनं हेच साधलं.

आज गुरांच्या घटसर्पाच्या लशीत तुरटी किंवा तेल असतं, लाळ्या-खुरकुताच्या लशीतही तेल वापरतात. टोचल्यावर येणारी लहान गाठ बहुतेक त्याचीच, हळूहळू जिरते. पू धरला किंवा ताप हटेना, तर मात्र दवाखाना गाठावा.

नोबेलसाठी रामोंचं नाव दीडशेच्या वर वेळा सुचवलं गेलं, मिळालं एकदाही नाही. १९४९ ते १९५९ पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय पशुरोग कार्यालयाचा कारभार त्यांनी पाहिला. १९६३ मध्ये ते वारले.